आइन्साच्या खेचरवाटांवर माउंटन बायक: चार दिवसांची आखणी, तयारी आणि दुरुस्ती

सोब्रार्बेतल्या वाटा सायकलसाठी बांधलेल्या नाहीत, त्या खेचरांच्या आहेत. स्पेनच्या आरागोन प्रदेशात, पिरेनीज डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरचा हा मुलूख. सिन्का आणि आरा या नद्यांच्या संगमावरचं आइन्सा हे इथलं बाजाराचं गाव, सरकारी कचेऱ्या मात्र शेजारच्या बोल्तान्यात. आपल्याकडे कोकणातला माल बैलांच्या पाठीवर लादून नाणेघाटासारख्या घाटवाटांनी वर चढायचा, तसा इथे खेचरांवरून जायचा. म्हणून वाटेला खेचराला झेपेल एवढाच चढ, दरीकडच्या बाजूला रचीव दगडांचा बांध आणि डोंगर उभा असेल तिथे एकामागून एक हेअरपिन वळणं.

विसाव्या शतकात गावं ओस पडली आणि या वाटा झुडपांखाली गेल्या. पुढे स्थानिकांनी त्या पुन्हा मोकळ्या केल्या, त्यांना क्रमांक आणि रंग दिले आणि ‘थोना थेरो’ या नावाने सायकलवाटांचं जाळं उभं केलं. २०१५ आणि २०१८ साली एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज या माउंटन बायक शर्यतमालिकेची (यात फक्त उतारांची वेळ मोजतात) फेरी आइन्साला झाली, तेव्हापासून युरोपभरचे सायकलवाले इथे येतात.

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण एकच चूक करतात: दिवसाचं गणित किलोमीटरवर मांडतात. घरी ६० किलोमीटर सहज होतात म्हणून इथे ४० धरतात आणि दुपारी चार वाजता अर्ध्या वाटेवर पाणी संपवून बसतात. इथलं गणित दोनच गोष्टींवर मांडायचं: एकूण चढ किती मीटर आणि चाकाखाली माती कोणती.

कधी जायचं

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये दरीत पारा ३५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारनंतर डोंगरावर गडगडाटी पाऊस येतो. तेव्हा जाणं भागच असेल तर सकाळी सातला निघा आणि दोनच्या आत धारेवरून खाली या. हिवाळ्यात दरीतल्या उन्हाच्या वाटा चालू असतात, पण उत्तरेकडच्या उतारांवर बर्फाचा कडक थर दिवसभर वितळत नाही.

शरद ऋतूत जाणाऱ्यांनी घड्याळाकडे लक्ष ठेवावं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो. आदल्या दिवशी सातला उजेड होता, आज नाही. पिशवीत छोटा हेडलॅम्प असू द्या.

आधी माती ओळखा

आइन्साच्या आसपासचे करडे, सुरकुतलेले, जवळजवळ उघडे टेकाड पाहिले की चंद्रावर आल्यासारखं वाटतं. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा गाळ. चुनखडी मिसळलेली ही चिकणमाती, स्पॅनिशमध्ये ‘मार्गास’. मेदियानो जलाशयाच्या बाजूला आणि गावाभोवतीच्या बऱ्याच वाटा हिच्यावरून जातात.

ही माती तीन रूपांत भेटते. किंचित ओलसर असेल तर टायर अक्षरशः चिकटून चालतो आणि एवढी पकड दुसरीकडे क्वचित मिळते. पूर्ण कोरडी असेल तर वर बारीक कपच्यांचा थर येतो, ज्वारी सांडलेल्या फरशीवर चालावं तसं चाक सरकतं. आणि पाऊस पडला असेल तर विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती आठवा. वीस-तीस मीटरमध्ये टायर दुप्पट जाड होतो, चिखल फोर्कच्या कमानीत आणि मागच्या त्रिकोणात ठासला जातो आणि चाक फिरणंच बंद होतं. अशा वेळी जोर लावून पेडल मारलं तर चिखलासकट रिअर डिरेल्यूर (मागचे गिअर बदलणारा भाग) वर खेचला जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटतो. चाक अडलं की उतरायचं, काटकीने चिखल काढायचा आणि सायकल उचलून जवळच्या दगडी किंवा डांबरी रस्त्यावर न्यायची. ढकलू नका, ढकलताना आणखी भरतो.

चांगला पाऊस झाल्यावर करड्या मातीच्या वाटा एक ते दोन उन्हाचे दिवस सोडून द्या. ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळून सिमेंटसारखी होते आणि पुढचा पाऊस तिच्यातूनच वाहून वाट खणतो. त्या दिवसांत चुनखडी खडकाच्या किंवा पाइनच्या जंगलातल्या वाटा निवडा, तिथलं पाणी लवकर निचरतं. अपवाद ‘बोख’च्या झाडीतल्या वाटांचा. या बुटक्या सदाहरित झाडांच्या दाट बोगद्यात ऊन पोहोचत नाही आणि दगडांवरचं शेवाळ दिवसेंदिवस ओलं राहतं. ओल्या शेवाळावर ना ब्रेक लावायचा ना वळायचं. वेग आधीच कमी करून सरळ रेषेत पार व्हायचं.

सायकल: भाड्याने घ्या

भारतातून स्वतःची सायकल नेण्यापेक्षा आइन्सात भाड्याने घेणं सोयीचं. विमानाच्या डब्याचा खर्च आणि मोडतोडीची धास्ती तर आहेच, शिवाय इथल्या वाटांना आपली हलकी क्रॉसकंट्री हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेंशन नसलेली सायकल, अपुरी पडते. पुढे १५०-१६० मिमी आणि मागे १४०-१५० मिमी सस्पेंशन, ड्रॉपर सीटपोस्ट (चालवताना बटणाने खाली-वर होणारी सीट), पुढची ब्रेक डिस्क २०० मिमीची, पुढे ३० किंवा ३२ दात आणि मागे सर्वांत मोठं चक्र ५०-५२ दातांचं असलेली ट्रेल किंवा एन्ड्युरो सायकल मागा. ई-बाइक तर भारतातून नेताच येत नाही, कारण प्रवासी विमानात १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी चालत नाही आणि यांच्या बॅटऱ्या ५००-६०० च्या पुढे असतात.

स्वतःचं न्यायचं ते हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, हातमोजे, बूट आणि पेडल. स्पेनमध्ये गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं आहे, हे निव्वळ वाटेपुरतं समजू नका.

आरक्षण करतानाच दुकानाला एक गोष्ट लिहून कळवा: ब्रेक कोणत्या हाताला हवा. भारतात बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, स्पेनमध्ये तो डाव्या हाताला असतो. सपाटीवर हे लक्षात राहतं. उतारावर अचानक दगड समोर आला की हात जुन्या सवयीने वागतो, मागचा ब्रेक समजून पुढचा आवळला जातो आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. दुकानदार ब्रेक अदलाबदल करून देतात. आयत्या वेळी सांगितलं तर मात्र ‘मान्याना’, म्हणजे उद्या.

सायकल ताब्यात घेताना दुकानासमोरच पंधरा मिनिटं द्या:

१. दोन्ही ब्रेक लिव्हर जोरात दाबून धरा. लिव्हर हळूहळू हँडलकडे सरकत असेल तर ब्रेकमध्ये हवा आहे, परत द्या.
२. पॅडचा घासणारा थर टॉर्चने पाहा. १ मिमीपेक्षा कमी उरला असेल तर बदलून मागा. नवे पॅड बसवले तर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन वीसेक वेळा दाबून मंद करा, चाक पूर्ण थांबवू नका. त्याशिवाय त्यांना धार येत नाही.
३. टायर हलवून आत द्रव खळखळतो का ऐका. २९ इंची, २.४ रुंदीच्या टायरात १०० ते १२० मिली सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) हवं. खळखळ नसेल तर ते सुकलेलं आहे.
४. त्याच मॉडेलचा सुटा हँगर विकत किंवा उसना घ्या. दुसऱ्या मॉडेलचा बसत नाही आणि आडरानात त्याला पर्याय नाही.

हवा आणि सस्पेंशन

चुनखडीचे दगड धारदार असतात, त्यामुळे हलक्या टायरचा मोह नको. जाड बाजूंचा, शक्य तर मागच्या चाकात फोमची आतली पट्टी असलेला टायर घ्या. साधारण ७५ किलोच्या माणसाला पुढे १.५-१.६ बार म्हणजे २२-२३ पीएसआय आणि मागे १.७-१.८ बार म्हणजे २५-२६ पीएसआय योग्य. वजन दर ५-६ किलोने वाढलं की पीएसआय एकाने वाढवा. रिम दगडावर ‘ठक्’ वाजत असेल तर हवा कमी आहे. प्रत्येक खड्यावरून सायकल उडत असेल तर जास्त.

सस्पेंशनची बसण, म्हणजे तुमच्या वजनाने ते किती दबतं, हे पाठीवरची पिशवी, पाणी असं सगळं सामान घालूनच मोजा. मागच्या शॉकचा दांडा ५५ मिमी सरकत असेल तर बसल्यावर १५-१६ मिमी खाली यायला हवा. पुढे १६० मिमीच्या फोर्कला सुमारे ३२ मिमी. मागे जास्त बसण आणि पुढे कमी असेल तर चढावर पुढचं चाक भरकटतं. उलट झालं तर उतारावर तोल पुढे जातो.

वाट निवडणं

पाट्यांवरचे रंग स्कीच्या उतारांसारखे: हिरवा, निळा, लाल, काळा. इथला निळा म्हणजे बागेतली वाट नव्हे. सह्याद्रीत सिंगल ट्रॅक चालवणाऱ्याने सुरुवात निळ्यापासून करावी आणि तो पाय न टेकता झाला तरच लालकडे जावं. काळ्यावर जायची घाई नको. तिथे दगडी पायऱ्या आणि उघडे कडे एकत्र येतात.

चांगल्या फेरीचा साचा ठरलेला: चढ ‘पिस्ता’ने, उतार ‘सेंदा’ने. पिस्ता म्हणजे जंगलखात्याचा जीप जाईल असा रस्ता, सेंदा म्हणजे पायवाट. डाउनलोड केलेल्या मार्गाची दिशा उलटी निघाली तर हेच उलटं होतं आणि ७०० मीटर सायकल खांद्यावर येते. म्हणून मोबाइलवर मार्ग घेताना उंचीचा आलेख बघा. चढाची रेषा तिरपी आणि लांब, उताराची रेषा तुटक आणि उभी असेल तर दिशा बरोबर. विकिलोक हे स्पॅनिश अॅप इथे सर्वांत भरलेलं आहे, पण त्यात पायी चालणाऱ्यांचे मार्गही सायकलचे म्हणून चढवलेले सापडतात. सरासरी वेग ताशी ३-४ किलोमीटर दिसला की तो सोडा. नकाशा ऑफलाइन उतरवा, कारण दऱ्यांत नेटवर्क जातं. स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचे १:२५,००० प्रमाणाचे नकाशे मोबाइलवर मोफत मिळतात आणि त्यांत जुन्या वाटा, झरे, ओसाड वाड्या सगळं असतं.

वाटेतल्या खुणाही शिकून ठेवा. पांढरी-लाल पट्टी म्हणजे लांब पल्ल्याची पायवाट, पांढरी-पिवळी मध्यम, पांढरी-हिरवी स्थानिक. समांतर पट्ट्या दिसल्या तर पुढे जा, फुली दिसली तर चुकलात. या खुणा चालणाऱ्यांसाठी आहेत, सायकल जाईलच याची हमी त्या देत नाहीत. ऑर्देसा राष्ट्रीय उद्यानातल्या पायवाटांवर तर सायकल नेऊच नका.

कधी कधी मोठमोठे रुंद गवताळ पट्टे लागतात. ते मेंढपाळांचे मार्ग, आरागोनमध्ये त्यांना ‘काबान्येरा’ म्हणतात. १९९५ च्या कायद्याने अशा मार्गांची रुंदी ७५ मीटरपर्यंत राखलेली आहे आणि गुरांना आडवं न येता त्यांवरून सायकल चालवायला मुभा आहे. आपल्याकडच्या धनगरवाटांना असा कायदा असता तर!

चार दिवसांचा आराखडा

वेळेचं गणित असं: बऱ्यापैकी तयारीचा माणूस पिस्तावरून तासाला ४०० मीटर चढतो, रोज सायकल चालवणारा ५००. म्हणजे १,००० मीटर चढाला अडीच तास. उताराला दीड ते दोन तास, कारण थांबणं, हात झटकणं, वाट पाहून घेणं आलंच. त्यावर एक तास पंक्चर आणि जेवणाचा. एकूण साडेपाच. दुपारी दोनला घरी यायचं असेल तर निघण्याची वेळ यावरून मागे मोजा.

पहिला दिवस गावाभोवतीचा, १५-२० किलोमीटर, ४००-५०० मीटर चढ, निळा. याचा उद्देश ब्रेक, हवा आणि सस्पेंशन जुळवणं एवढाच. खिशात शॉकचा पंप असू द्या.

दुसऱ्या दिवशी सिन्काच्या काठाने उत्तरेला लाबुएर्दा आणि तिथून सान विसेन्ते दे लाबुएर्दाच्या बाजूला. वरच्या दगडी चर्चपर्यंत रस्त्याने चढा, उतरायला निळा-लाल मिश्र मार्ग. ८०० मीटर चढ पुरे.

तिसऱ्या दिवशी पाय थकलेले असतात, त्या दिवशी शटल घ्या. सायकली ट्रेलरवर चढवून व्हॅन वर नेते, तुम्ही खाली उतरता. आरक्षण आदल्या दिवशी करा. आळस म्हणून शटलला नाक मुरडणाऱ्यांना एवढंच सांगावं की पडण्याचे बहुतेक प्रकार थकलेल्या पायांनी उतरताना होतात.

चौथा दिवस लांबचा: पेन्या मोंतान्येसा या २,२९५ मीटरच्या भिंतीसारख्या डोंगराच्या पायथ्याला, सान विक्तोरियान मठाकडे. मठ आइन्साहून सुमारे ५०० मीटर उंचावर आहे, पण मधल्या चढउतारांमुळे बेरीज १,००० च्या पुढे जाते. ई-बाइक असेल तर ६२५ वॉट-अवरच्या बॅटरीत सर्वांत कमी मदतीवर हे आरामात होतं. ‘टर्बो’ लावून ठेवलात तर परतीला २४ किलोची सायकल पायाने ओढाल. वाटेत वर गिधाडं घिरट्या घालताना दिसतील. शेपटी पाचरीसारखी टोकदार असेल तर ते हाडं खाणारं दाढीवालं गिधाड, आणि त्याच्यासाठी पाच मिनिटं थांबायला हरकत नाही.

उतार

दोन गोष्टींत लोक फसतात: ब्रेक आणि वळणं.

ब्रेक सतत अर्धवट धरून ठेवला की डिस्क आणि तेल तापतं. आधी जळका वास येतो, मग लिव्हर मऊ होऊन हँडलला टेकते. योग्य पद्धत म्हणजे एका बोटाने, थोडा वेळ, जोरात आणि मग पूर्ण सोडून देणं. सरळ भागातच वेग कमी करा, वळणात आणि मुळांवर ब्रेक सोडलेला असू द्या. वास आलाच तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

आता खेचरवाटेचं वळण. रुंदी दीड मीटर, आतल्या बाजूला उभा दगड, बाहेरच्या कडेला रचीव बांध आणि मधोमध पायरी. दहा मीटर आधी सीट खाली करा. बाहेरच्या कडेने, बांधापासून हातभर अंतर ठेवून आत शिरा. पायरीच्या आधीच वेग माणूस चालतो तेवढ्यावर आणा. पेडल आडव्या पातळीत ठेवा, नाहीतर खालचं पेडल दगडाला लागतं. सायकल आत झुकवा, अंग सरळ ठेवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, नजर समोरच्या दगडावर नको, वळण संपून वाट सुरू होते तिथे हवी. डोकं वळलं की खांदे वळतात, खांद्यांमागे हँडल. पुढचं चाक पायरीवरून उतरत असताना पुढचा ब्रेक सोडा. मागचा हलका धरलेला चालेल. जमत नसेल तर आतला पाय टेकवून वळा, त्यात कमीपणा नाही. मागचं चाक लॉक करून घसरत वळणं मात्र नको. त्याने पायरीचा दगड निखळतो, पुढच्या पावसात त्याच्यामागची माती जाते आणि शंभर-दोनशे वर्षांचा बांध एका हंगामात ढासळतो. तो परत रचायला गावात आता फारसे हात उरलेले नाहीत.

टायर फाटला तर

काट्यांचं पंक्चर इथे रोजचंच. सराटा तर आपल्याकडच्याच जातीचा आहे. शिवाय ‘एरिथोन’ नावाचं उशीसारखं पसरणारं काटेरी झुडूप कडेला असतं. बारीक भोकं सीलंट आपोआप बुजवतं. काटा दिसला तरी उपटू नका, मोडून ठेवा आणि भोक खाली करून चाक थोडं फिरवा. खरा त्रास धारदार दगडाने बाजू कापली जाते तेव्हा.

कापलेला भाग ५-६ मिमीपर्यंत असेल तर रबरी वाती दोन एकत्र सुईत ओवून आत ढकला, एक सेंटिमीटर बाहेर ठेवा, हवा भरा. जास्त असेल तर:

१. टायरची एकच बाजू रिमवरून उतरवा आणि ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढून खिशात ठेवा, गवतात हरवतो.
२. हातमोजा घालून टायरच्या आतून पूर्ण फेरी बोट फिरवा. सीलंटने धरून ठेवलेले जुने काटे आत टोकं काढून बसलेले असतात, आठ-दहा सहज सापडतात. ते काढल्याशिवाय ट्यूब घातली तर ती पाच मिनिटांत जाते आणि माणूस ट्यूबला दोष देतो.
३. कापलेल्या जागी आतून ठिगळ लावा: जुन्या टायरचा तुकडा, टूथपेस्टच्या नळीचा पत्रा किंवा बारमधून घेतलेला दुधाचा खोका. नुसती ट्यूब घातली तर ती त्या फटीतून फुग्यासारखी बाहेर येऊन फुटते.
४. ट्यूबमध्ये गोल होण्यापुरती हवा भरून ती आत बसवा, टायर व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करून व्हॉल्व्हशी संपवा, मग २ बार हवा भरा.
५. पिस्तानेच परत या.

पिशवीतल्या बाकी वस्तू: बारा गिअरच्या चेनची जोडकडी दोन, चेन तोडायचं हत्यार, मल्टिटूल, एक जोडी ब्रेक पॅड, केबल टाय, पंपाच्या दांड्याला गुंडाळलेला चिकट कापडी टेप. हवेसाठी हातपंपच घ्या, गॅसची कार्ट्रिज विमानात बहुधा काढून घेतात.

पाणी आणि जेवण

थंड दिवसांत तासाला अर्धा लिटर, उन्हात पाऊण ते एक. जवळजवळ प्रत्येक गावात ‘फुएन्ते’ म्हणजे वाहता नळ असतो. ‘आग्वा नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर पिऊ नका, ‘नो त्रातादा’ म्हणजे शुद्ध न केलेलं. वर मेंढ्या चरत असतील तर त्याला गोळी किंवा फिल्टर हवा. ओसाड गावातला नळ चालू असेलच असं धरून चालू नका.

दुकानं साधारण दुपारी दोन ते पाच बंद आणि रविवारी बहुतेक बंदच. बारमधलं स्वयंपाकघर दीड ते साडेतीन चालतं, रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मिळत नाही. तीन पंचेचाळीसला दमून आलात तर थंड पेय आणि ऑलिव्हवर भागवावं लागेल. शाकाहाऱ्यांसाठी हुकमी पदार्थ म्हणजे ‘तोर्तिया दे पातातास’, बटाटा-अंड्याचा जाड पोळा. अंडं चालत नसेल तर टोमॅटो चोळलेला पाव आणि चीज. साध्या ‘एन्सालादा मिक्स्ता’वर ट्यूना मासा घालून येतो आणि डाळीत चोरिझो सॉसेज असतं, त्यामुळे ‘सिन कार्ने’ (मांस नको) एवढ्यावर थांबू नका, ‘सिन आतून, सिन हामोन, सिन चोरिथो’ (ट्यूना, हॅम, चोरिझो नको) असं नावानिशी सांगा. चिक्की आणि खजूर घरून न्या, चढावर त्याच्या तोडीचं काही नाही.

कुत्री, शिकार, फाटकं

मेंढरांच्या कळपाबरोबर ‘मास्तिन’ जातीची प्रचंड कुत्री असतात आणि ती माणसावर नाही तर वेगावर चिडतात. लांबून दिसली की उतरा, सायकल मध्ये धरा, बोलत बोलत लांबचा वळसा घ्या. पळालात तर तुम्ही लांडगा ठरता.

काळ्या-पांढऱ्या तिरप्या भागांची आयताकृती पाटी सगळीकडे दिसेल. ती ‘कोतो दे काथा’ची, म्हणजे इथली शिकार राखीव आहे. सायकलला त्याने बंदी होत नाही. पण ‘बातिदा’ लिहिलेला तात्पुरता फलक, बहुधा ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या शनिवार-रविवारी, दिसला तर मागे फिरा. तिथे त्या क्षणी रानडुकरांवर बंदुका रोखलेल्या असतात. ‘प्रोइबीदो एल पासो’ म्हणजे सरळ मनाई.

फाटक जसं सापडलं तसंच सोडा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. विजेच्या तारेच्या कुंपणाला प्लास्टिकची मूठ असते, तीच धरा. चालणाऱ्यांना वाट द्या आणि ‘ओला, बुएनास’ म्हणा, एवढ्याने निम्मे वाद होत नाहीत.

अपघात झाला तर

११२ हा एकच क्रमांक, इंग्रजीही चालते. फोन लागताच आधी अक्षांश-रेखांश वाचून दाखवा, मग काय झालं ते. गुआर्दिया सिविल या स्पॅनिश पोलीस दलाच्या डोंगरी बचाव पथकाचं ठाणं बोल्तान्यातच आहे, आइन्सात आरोग्य केंद्र आणि मोठं रुग्णालय बार्बास्त्रोला, सुमारे ५५ किलोमीटरवर. हेलिकॉप्टर येत असेल तर सायकली आणि जॅकेटं दगडाखाली दाबा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा आरोग्यविमा घ्यावाच लागतो, पण त्यात माउंटन बायकिंग वगळलेलं नाही ना हे बारीक अक्षरांत तपासा. भाड्याची गाडी घेणार असाल तर आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना न्या. सारागोसाहून आइन्सा सुमारे दोन तास, बार्सिलोनाहून तीन-साडेतीन. बसच्या फेऱ्या मोजक्याच.

परत करताना

सायकल त्याच संध्याकाळी धुवा. करडी माती रात्रभर वाळली की दगड होते आणि दुसऱ्या दिवशी खरवडताना रंग निघतो, दुकानदार तो लगेच ओळखतो. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंग आणि शॉकच्या सिलांवर मारू नका. आधी चिखल भिजवा, मग मऊ ब्रशने काढा, चेन पुसून तेल घाला. शेवटी आपली पेडल काढायला विसरू नका. उजवं नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवावं लागतं. भलत्या बाजूला जोर लावलात तर ते आणखी घट्ट बसतं आणि पाना निसटून बोटं चेनरिंगच्या दातांवर आपटतात.